योहान सेबास्टियन बाख : जे उरले आणि जे गेले

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)

२८ जुलै १७५० रोजी सायंकाळी जर्मनीतील लाइपझिग या व्यापारी शहरात योहान सेबास्टियन बाख मरण पावला. त्याचे वय पासष्ट वर्षांचे होते. त्याने मृत्युपत्र केलेले नव्हते. त्यामुळे त्याच वर्षी त्याच्या घरातील चीजवस्तूंची रीतसर यादी करण्यात आली. ती यादी आजही उपलब्ध आहे. तीत चांदीची भांडी आहेत, वाद्ये आहेत, एका खाणीतील भाग आहे, अंगावरचे कपडे आहेत. धर्मशास्त्रावरील ग्रंथ तर एकेक करून नोंदविलेले आहेत. त्यांची बावन्न शीर्षके भरतात. एकंदर किंमत अकराशे थालरांच्या थोडी वर होते. थालर हे तेथील चांदीचे नाणे. मात्र या एवढ्या तपशीलवार यादीत बाखच्या स्वतःच्या संगीताचा एकही कागद नाही.

शंभर वर्षे ग्रंथ जपणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावरून एका जर्मन संगीतकाराचा विषय कशासाठी, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर या यादीत सापडेल. बाखची चरित्रे पुष्कळ आहेत. त्याच्या कागदांचे चरित्र मानाने कमी सांगितले जाते, आणि ते संगीत न जाणणाऱ्या वाचकालाही आपले वाटावे असे आहे. आपल्याकडील चीज गुरूच्या कंठातून शिष्याच्या कंठात जाते. पंडित भातखंडे यांनी घराण्याघराण्यांतून चिजा मिळवून त्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’त छापल्या, त्याआधी त्या बहुतांशी गळ्यांतच वसत होत्या. पाश्चात्त्य संगीताचे तसे नाही. तेथे वीस-पंचवीस जण एकाच वेळी निरनिराळे स्वर गातात, वाजवितात. कोणी कोणत्या क्षणी काय करायचे हे रचनाकाराने लिहून ठेवलेले असते. सर्वांचे स्वर एकाखाली एक मांडलेली ती मूळ स्वरलिपी, आणि तिच्यावरून प्रत्येक गायक-वादकासाठी काढलेले स्वतंत्र उतारे, असे कागदांचे दोन प्रकार असतात. हा भेद ध्यानात ठेवावा लागेल, कारण पुढे जे वाचले आणि जे गेले ते पुष्कळ अंशी याच भेदामुळे.

बाखचा जन्म १६८५ च्या मार्चमध्ये थुरिंगिया प्रांतातील आयझेनाख या गावी झाला. घराणे पिढीजात संगीतकारांचे. त्या प्रदेशात बाख हे आडनाव आणि वादक हा व्यवसाय यांत लोक फारसा फरक करीत नसत. नऊ वर्षांचा असताना आई गेली आणि वर्ष उलटण्याच्या आत वडीलही गेले. मुलगा ओर्डरुफ या गावी थोरल्या भावाच्या आश्रयाला आला. भाऊ तेथे चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे. त्याच्याजवळ त्या काळच्या नामांकित रचनाकारांच्या कृतींची एक वही होती आणि ती लहान भावाच्या हाती द्यायची नाही असा त्याचा दंडक होता. वही जाळीच्या दाराच्या कपाटात असे. जाळीतून आपला लहानसा हात घालून, बांधणी नसलेली ती वही आतल्या आत गुंडाळून मुलगा ती बाहेर काढी आणि घर झोपल्यावर उतरून घेई. मेणबत्ती मिळत नसे, म्हणून चांदण्या रात्रींची वाट पाहावी लागे. या खटाटोपाला सहा महिने लागले, आणि नक्कल पुरी झाली तेव्हा भावाने ती पकडून काढून घेतली. ही हकीकत बाखच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या मृत्युलेखात आहे. तो लेख बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमान्युएल आणि शिष्य आग्रिकोला यांनी लिहिलेला असल्याने ती अगदीच रचलेली असेल असे म्हणवत नाही. वडिलांनी मुलांना सांगताना तिला थोडी झिलई दिली असेल, इतकेच. उतरून घेतल्याशिवाय विद्या मिळत नाही, हे मात्र त्या मुलाला फार लवकर कळले होते. त्याला पुरावाही पुढे मिळाला. वायमार येथील आना अमालिया ग्रंथालयात २००६ मध्ये बुक्सटेहुडे आणि राइनकेन या ज्येष्ठ रचनाकारांच्या कृतींच्या नकला सापडल्या. त्या पंधरा वर्षांच्या आसपास वय असलेल्या बाखच्या हातच्या आहेत. त्याचे याहून जुने हस्ताक्षर अद्याप उजेडात आलेले नाही.

याच बुक्सटेहुडेला ऐकण्यासाठी १७०५ मध्ये वीस वर्षांचा बाख आर्नश्टाटहून ल्यूबेकपर्यंत, म्हणजे चारशे किलोमीटरांहून अधिक अंतर, पायी गेला. रजा चार आठवड्यांची होती. तो परतला तो सुमारे चार महिन्यांनी. आर्नश्टाटच्या चर्चच्या अधिकाऱ्यांनी त्याला जाब विचारला. पुढची वीसेक वर्षे नोकऱ्यांची आहेत : म्यूलहाउझेन, मग वायमारचा दरबार, मग क्योथेन. वायमारच्या ड्यूकने १७१७ मध्ये त्याला सुमारे चार आठवडे कैदेत ठेवले, कारण दुसरी नोकरी मिळाल्यावर त्याने सोडचिठ्ठीसाठी फारच हट्ट धरला. क्योथेनचा राजपुत्र लिओपोल्ड स्वतः संगीताचा जाणकार होता. तेथील वर्षे सुखाची होती. परंतु १७२० मध्ये राजपुत्राबरोबरच्या प्रवासातून बाख घरी परतला तो पत्नी मारिया बार्बरा वारली, दफनही झाले, ही वार्ता ऐकण्यासाठीच. पुढच्या वर्षाच्या अखेरीस त्याने आना माग्दालेना या दरबारी गायिकेशी विवाह केला. दोन्ही विवाहांतून त्याला एकंदर वीस मुले झाली, त्यांतील दहा जगून वाढली.

१७२३ मध्ये तो लाइपझिगच्या थॉमस चर्चच्या शाळेत कांटोर म्हणून रुजू झाला. इकडे साताऱ्याच्या दरबारातून पहिल्या बाजीरावाला पेशवेपद मिळून तेव्हा तीन वर्षे झाली होती, असे म्हटले म्हणजे काळाचा अंदाज येईल. नगरपरिषदेची पहिली पसंती टेलेमानला होती, दुसरी ग्राउपनरला. ते दोघे मिळेनात म्हणून तिसरा बाख. उत्तम माणूस मिळत नसेल तर मध्यमावर भागवावे लागेल, अशा आशयाचे उद्गार एका सभासदाने काढल्याची नोंद परिषदेच्या दप्तरात आहे. या सभासदाची पुढील पिढ्यांनी पुष्कळ थट्टा केली आहे. पण परिषदेला शाळेसाठी शिक्षक हवा होता, आणि बाख शिक्षक म्हणून शिस्तीचा नव्हता, हेही तितकेच खरे. लॅटिन शिकविण्याचे काम त्याने पदरचे पैसे देऊन दुसऱ्यावर सोपविले होते.

कांटोर हा शाळेतील संगीतशिक्षक आणि शहरातील मुख्य चर्चच्या संगीताचा प्रमुख असे. दर रविवारी आणि सणासुदीला कांटाटा सादर करावा लागे. कांटाटा म्हणजे त्या दिवशीच्या धर्मवचनावर आधारलेली, गायकवृंद, एकेकटे गायक आणि वाद्ये यांची मिळून साधारण वीस-पंचवीस मिनिटांची रचना. वर्षाला अशा साठाच्या आसपास रचना लागत. दुसऱ्यांच्या जुन्या कृती वापरण्याची मुभा होती. बाखने पहिली काही वर्षे बहुतेक आठवड्यांना स्वतःची रचना दिली. आठवड्याच्या आरंभी स्वरलिपी लिहावयाची, तिची शाई वाळते न वाळते तोच शाळेतील मुले, घरातील मुलगे, पत्नी यांनी वादकांसाठी उतारे काढावयाचे, शनिवारी तालीम आणि रविवारी सकाळी सात वाजता चर्चमध्ये उपासना. ती आटोपली की कागद कपाटात, आणि सोमवारी पुन्हा कोरा कागद. मृत्युलेखाप्रमाणे असे पाच वार्षिक संच त्याने लिहिले, म्हणजे तीनशेच्या आसपास कांटाटा. आज त्यांपैकी सुमारे दोनशे उपलब्ध आहेत.

या कामाला जोडूनच ‘संत योहानाची पॅशन’ (१७२४) आणि ‘संत मत्तयाची पॅशन’ (१७२७) या दोन महाकृती झाल्या. येशूच्या अखेरच्या दिवसांची कथा गुड फ्रायडेला गाऊन सांगण्याची ती प्रथा. ‘मत्तया’ सादर करण्यास पाऊणेतीन तासांच्या आसपास वेळ लागतो. दोन गायकवृंद, दोन वाद्यवृंद असा तिचा संभार. १७३६ च्या सुमारास बाखने तिची स्वच्छ प्रत स्वतः लिहून काढली आणि बायबलमधील शब्द तांबड्या शाईने लिहिले. आपल्या पोथ्यांतील हिंगुळाच्या अक्षरांची आठवण व्हावी अशी ती पाने आहेत. पुढे काही पानांच्या कडा खराब झाल्या, तेव्हा त्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवून गेलेले स्वर त्याने आपल्या हाताने पुन्हा भरले. जी कृती आपल्या हयातीत छापली जाण्याची शक्यता नाही, तिच्यासाठी त्याने घेतलेले हे श्रम पाहिले की, बाखला आपल्या थोरवीची जाणीव नव्हती, या नेहमीच्या विधानावर विश्वास ठेवणे अवघड जाते.

लाइपझिगमध्ये तो सत्तावीस वर्षे राहिला, पण समाधानाने नव्हे. १७३० मध्ये एर्डमान या बालमित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने वरिष्ठांविषयी तक्रार केली आहे आणि मिळकतीचा हिशेब मांडला आहे : सुमारे सातशे थालर, तेही अंत्ययात्रा किती निघतात त्यावर अवलंबून. हवा निरोगी असली की अंत्ययात्रा कमी आणि उत्पन्नही कमी, असे तो लिहितो. यात विनोद किती आणि त्रागा किती, हे ज्याने त्याने ठरवावे.

या सगळ्या धामधुमीत लेखनिकांकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. विसाव्या शतकात संशोधकांनी उताऱ्यांवरील हस्ताक्षरे वेगळी काढली तेव्हा आरंभी त्यांना नावे नव्हती. ‘मुख्य लेखनिक अ’, ‘मुख्य लेखनिक ब’ अशी ती माणसे ओळखली जात. पुढे कळले की ‘अ’ म्हणजे आधीच्या कांटोरचा पुतण्या योहान आंद्रेयास कुनाउ आणि ‘ब’ म्हणजे ख्रिस्टियान गोटलोप माइस्नर, दोघेही शाळेचे विद्यार्थी. आना माग्दालेनाचे अक्षर तर पतीच्या अक्षराशी इतके मिळतेजुळते झाले की दोन्ही वेगळी ओळखताना जाणकारही चकले आहेत. चेलो या वाद्यासाठी रचलेल्या सहा स्वरमालिका आज जगभर वाजविल्या जातात. त्यांची बाखच्या हातची प्रत उरलेली नाही. त्या टिकल्या त्या मुख्यतः तिच्या हातच्या प्रतीमुळे. मुले, स्वयंपाकपाणी, घरी राहणारे शिष्य, पाहुणे यांतून वेळ काढून तिने ती केली.

अखेरीस बाखची दृष्टी गेली. १७५० च्या वसंत ऋतूत जॉन टेलर या फिरत्या इंग्रज नेत्रवैद्याने त्याच्या डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया केली. तिचा उपयोग झाला नाही, प्रकृती मात्र ढासळली आणि जुलैत अंत झाला. ‘फ्यूगची कला’ हा त्याचा अखेरचा मोठा संग्रह वारसांनी १७५१ मध्ये छापून प्रसिद्ध केला. १७५६ पर्यंत त्याच्या जेमतेम तीस प्रती खपल्या होत्या आणि मुलाने छपाईचे तांब्याचे पत्रे विकायला काढले.

आता ते कपाट. संगीताचे कागद यादीत नाहीत याचा अर्थ ते आधीच वाटले गेले असावेत. थोरला विल्हेल्म फ्रीडेमान आणि दुसरा कार्ल फिलिप इमान्युएल यांच्याकडे मोठा वाटा गेला. ज्या वार्षिक संचातील रचना जुन्या स्तोत्रांवर बेतलेल्या होत्या, त्याच्या स्वरलिपी फ्रीडेमानकडे गेल्या आणि उतारे आना माग्दालेनाकडे आले. तिने चव्वेचाळीस कांटाटांचे उतारे थॉमस शाळेला देऊन टाकले. पतीच्या मृत्यूनंतर आणखी सहा महिने शाळेतील बिऱ्हाडात राहण्याची सवलत तिला मिळाली होती, त्याच्याशी या देण्याचा संबंध जोडला जातो. १७६० मध्ये ती नगराच्या धर्मादायावर जगत असताना वारली. तिने दिलेले ते उतारे आजही लाइपझिगमध्ये आहेत. फ्रीडेमान हा बापाचा लाडका आणि बुद्धिमान मुलगा. पण हॅले येथील नोकरी सोडल्यावर त्याला कोठेच स्थिर होता आले नाही. गरज पडेल तशी त्याने वडिलांची हस्तलिखिते विकली आणि १७८४ मध्ये बर्लिन येथे दारिद्र्यात प्राण सोडला. त्याच्या वाट्यातील पुष्कळ स्वरलिपींचा पुढे पत्ता लागला नाही. मात्र त्या संचातील कांटाटांची स्वरलिपी हरवली तरी विधवेने शाळेला दिलेल्या उताऱ्यांवरून ती पुन्हा जुळविता आली. जेथे दोन्ही प्रकारचे कागद गेले तेथे इलाज राहिला नाही. १७३१ च्या ‘संत मार्काच्या पॅशन’चे शब्द छापील असल्याने उरले; संगीत गेले.

हाम्बुर्गला स्थायिक झालेल्या इमान्युएलने आपला वाटा जपला. १७८८ मध्ये तो वारला आणि दोन वर्षांनी त्याच्या विधवेने सर्व संग्रहाची सूची छापविली. बाखच्या वारशात सूची अशी प्रथमच झाली. पुढे गेओर्ग पोएल्शाऊ या संग्राहकाने त्यातील पुष्कळ भाग मिळविला, आणि त्याचा संग्रह १८४१ मध्ये बर्लिनच्या राजकीय ग्रंथालयात दाखल झाला. शिष्यांनीही आपापल्या परीने जपणूक केली. किर्नबेर्गर हा शिष्य प्रशियाच्या राजकन्या आना अमालियाचा शिक्षक झाला आणि तिच्या ग्रंथसंग्रहात बाखच्या रचना गेल्या. वायमारच्या ग्रंथालयाला जिचे नाव आहे ती आना अमालिया निराळी, हिची भाची. ‘वेलटेंपर्ड क्लाविअर’ या पुस्तकाचा पहिला भाग १७२२ मधला. तो छापला गेला १८०१ मध्ये. मधली ऐंशी वर्षे ते पुस्तक नकलांवर जगले. बॉन शहरात नेफे या शिक्षकाने बारा-तेरा वर्षांच्या एका मुलाकडून ते वाजवून घेतले. तो मुलगा बेथोव्हेन.

म्हणून बाख विस्मरणात गेला होता आणि मेंडेलसोनने खाटकाच्या दुकानात पुडे बांधण्याच्या रद्दीत ‘मत्तया’ शोधून काढली, ही कथा कितीही रंगतदार असली तरी सोडून दिली पाहिजे. लाइपझिगच्या शाळेत त्याची समूहगीते चालूच होती. १७८९ मध्ये मोझार्टने ती तेथे ऐकली. बर्लिनच्या ‘झिंग-अकाडेमी’ या गायनसंस्थेत झेल्टर हा संचालक बाखच्या कृतींची तालीम घेत असे. फेलिक्स मेंडेलसोनची मावसआजी साक्षात फ्रीडेमानची शिष्या होती. ‘मत्तया’ची प्रत त्याला कोणत्याही दुकानात मिळाली नाही, त्याच्या आजीने ती लेखनिकाकडून करवून नातवाला भेट दिली. गमावले होते ते सार्वजनिक प्रयोग. ती उणीव ११ मार्च १८२९ रोजी भरून निघाली. वीस वर्षांच्या मेंडेलसोनने नट-गायक देवरिएंटच्या साह्याने झेल्टरचे मन वळविले आणि बर्लिनमध्ये ‘मत्तया’ सादर केली. श्रोत्यांत राजा होता, तत्त्वज्ञ हेगेल होता. मागणी इतकी की दहा दिवसांनी, बाखच्या जन्मदिनी, दुसरा प्रयोग करावा लागला. मेंडेलसोनने बरीच गीते गाळली होती आणि वाद्येही बदलली होती. आजच्या शुद्धतावाद्यांना तो प्रयोग रुचला नसता. हाच मेंडेलसोन पुढे लाइपझिगला आला आणि ऑर्गनवादनाच्या कार्यक्रमाच्या उत्पन्नातून बाखचे पहिले स्मारक त्याने १८४३ मध्ये उभारविले. तो जन्माने यहुदी, म्हणून १९३६ मध्ये नाझींनी त्याच शहरातील त्याचा पुतळा हलविला. बाखला देशाचा अभिमान म्हणून मिरविणाऱ्यांनीच हे केले. २००८ मध्ये त्या पुतळ्याची प्रतिकृती थॉमस चर्चजवळ पुन्हा बसविण्यात आली.

बाखच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली त्या वर्षी, १८५० मध्ये, लाइपझिगला ‘बाख-गेझेलशाफ्ट’ ही संस्था स्थापन झाली. स्थापकांत शूमान होता. वर्गणीदार जमवावयाचे, दरवर्षी एक खंड वर्गणीदारांना द्यावयाचा, अशी योजना. ग्रंथसंस्था चालविणाऱ्यांना यातील कटकटी सांगावयास नकोत. संपादक भांडले, हस्तलिखितांचे मालक ती दाखवीनात, खंड रखडले. परंतु पन्नास वर्षांत छेचाळीस खंडांचे काम पुरे झाले. तोपर्यंत आरंभीचे बहुतेक कार्यकर्ते हयात नव्हते. याच खंडांतून ब्राम्ससारख्यांनी आणि पुढील पिढ्यांनी बाख समग्र वाचला.

दुसरी समग्र आवृत्ती १९५४ मध्ये सुरू झाली. जर्मनीची फाळणी झालेली असताना पश्चिमेकडील ग्योटिंगेन आणि पूर्वेकडील लाइपझिग येथील विद्वान ती मिळून करीत होते. त्या सुमारास आल्फ्रेड ड्यूर आणि गेओर्ग फॉन डाडेलसेन यांनी कागदांवरील जलचिन्हे आणि लेखनिकांची हस्ताक्षरे तपासून सारा कालक्रमच फिरविला. कांटाटा सत्तावीस वर्षांवर पसरलेले असावेत, असा समज होता. उपलब्ध कांटाटांपैकी बहुसंख्य लाइपझिगच्या पहिल्या चार-पाच वर्षांत झाले, असे निघाले. अखंड तीस वर्षे चर्चसाठी लिहीत बसलेल्या भाविकाचे चित्र मोडले. चार-पाच वर्षे झपाट्याने लिहून मग अन्य संगीताकडे वळलेला माणूस समोर आला. हे सर्व कुनाउ आणि माइस्नर यांसारख्या शाळकरी मुलांच्या अक्षरावरून.

दरम्यान महायुद्धात बर्लिनचे संग्रह जीव वाचविण्यासाठी ठिकठिकाणी हलविले गेले होते. काही हस्तलिखिते पोलंडमधील क्राकूव्हच्या विद्यापीठ-ग्रंथालयात राहिली. झिंग-अकाडेमीचा संग्रह नष्ट झाला असे धरले जात होते; तो १९९९ मध्ये युक्रेनमधील कीव येथे सापडला आणि २००१ च्या अखेरीस बर्लिनला परत आला. जे कागद घरीच सुखरूप होते त्यांच्यावर वेगळे संकट आले. बाखच्या शाईतील लोहद्रव्य कागद खात होते आणि दाट लिहिलेल्या ठिकाणी स्वरांचे ठिपके गळून पडत होते. बर्लिनच्या ग्रंथालयाने अनेक पाने जाडीतून दुभागून, मध्ये बळकट पातळ कागद घालून ती पुन्हा जोडून घेतली. २००४ मध्ये वायमारच्या आना अमालिया ग्रंथालयाला आग लागून सुमारे पन्नास हजार ग्रंथ भस्म झाले. पुढच्याच वर्षी तेथील वाचलेल्या संग्रहात, ड्यूकच्या वाढदिवसाच्या कवितेच्या छापील पुस्तिकेमागे, १७१३ मधील बाखच्या हातचे दोन पानांचे एक गीत निघाले. ते तेथे आहे हे तोवर कोणाला ठाऊक नव्हते.

पेटर वोल्नी या संशोधकाने १९९२ मध्ये ब्रसेल्सच्या राजकीय ग्रंथालयात ऑर्गनसाठी रचलेल्या दोन कृतींची हस्तलिखिते पाहिली होती. त्यांवर रचनाकाराचे नाव नव्हते. शैली तरुण बाखची वाटत होती. पण ती उतरविणारा कोण हे कळल्यावाचून काही म्हणता येत नव्हते. लेखनिकाचे अक्षर ओळखण्यात तीस वर्षांहून अधिक काळ गेला. तो निघाला सालोमोन ग्युंटर योन, बाखचा आर्नश्टाटच्या दिवसांतील शिष्य. त्याने १७०५ च्या सुमारास, म्हणजे गुरू पायी ल्यूबेकला गेला त्याच वर्षाच्या आसपास, त्या उतरून घेतल्या होत्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या बाखच्या म्हणून जाहीर झाल्या आणि डच वादक टोन कोपमन यांनी त्या थॉमस चर्चच्या ऑर्गनवर वाजविल्या.